उपजत काय आणि शिकलेले काय?

(कार्यकर्त्यांच्या एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)

अर्थशास्त्राच्या अध्यापनात आयुष्य घालवलेल्या माणसाने उत्क्रांतीवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. परंतु आपल्या सार्वजनिक जीवनात एक प्रश्न पुन्हापुन्हा उभा राहतो, आणि जीवशास्त्राचे दार ठोठावल्यावाचून त्याचे उत्तर मिळत नाही. राखीव जागांचा विषय निघाला, शेतमजुरांच्या मुलांच्या शिक्षणाचा निघाला, स्त्रियांच्या कर्तृत्वाचा निघाला, की कोणीतरी शांतपणे म्हणतो, ‘अहो, हे शेवटी रक्तातच असावे लागते.’ त्यावर आपल्यापैकी कोणी तितक्याच ठामपणे उत्तर देतो, ‘रक्तात काही नसते, माणूस परिस्थितीने घडतो.’ वाद तेथेच संपतो, आणि दोन्ही पक्ष आपापल्या घोषणेवर संतुष्ट होऊन घरी जातात.

मला आज सांगायचे आहे ते एवढेच की, या दोन्ही विधानांमागे निसर्गाची चुकीची कल्पना आहे. उत्क्रांतीने प्राण्यांना काही वर्तन जवळजवळ तयार करून दिले, हे खरे. पण त्याच उत्क्रांतीने शिकण्याची क्षमताही घडवली. आणि काय सहज शिकता येईल, कोणत्या वयात शिकता येईल, कोणाकडून शिकता येईल, याच्या अटीही तिनेच घालून दिल्या. माणसाच्या बाबतीत या अटी नीट समजून घेतल्या, तर विषमतेचे समर्थन करणाऱ्यांच्या हाती निसर्गाचा दाखला उरत नाही. मात्र त्यासाठी आपल्यालाही आपली एक आवडती समजूत सोडून द्यावी लागेल.

सुगरणीचे घरटे

चार्ल्स डार्विनने १८५९ साली प्रसिद्ध केलेल्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथात उपजत प्रवृत्तींसाठी एक स्वतंत्र प्रकरण राखून ठेवले आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: एकाच जातीच्या प्राण्यांत शरीराप्रमाणे वर्तनातही लहानसहान फरक असतात. त्यांतले काही आनुवंशिक असतात. ज्या फरकांमुळे अधिक संतती जगते ते पुढच्या पिढीत अधिक प्रमाणात आढळतात. हजारो पिढ्यांत अशी भर पडत गेली की मधमाशीच्या पोळ्यासारखी अचंबित करणारी रचनाही कोणा योजकाशिवाय उभी राहू शकते. नैसर्गिक निवडीला हेतू नसतो; तिच्यापाशी फक्त हिशेब असतो, आणि तो जगलेल्या संततीचा.

आता आपल्या ओळखीचे उदाहरण घेऊ. सुगरणीच्या घरट्याचे कौतुक महाराष्ट्रात कोणाला सांगावे लागत नाही. परंतु हे स्त्रीलिंगी नाव देऊन आपण ज्या कारागिराला नावाजतो तो वस्तुतः नर असतो. डॉ. सालीम अली यांनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीम येथे या पक्ष्यांचे बारकाईने निरीक्षण केले आणि पुढच्या वर्षी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आपले निष्कर्ष मांडले. नर अर्धेच घरटे विणतो. माद्या येतात, घरटी पारखतात. एखादीने पसंत केले की नर ते पुरे करतो आणि लगेच दुसऱ्या मादीसाठी दुसरे घरटे विणायला घेतो. मादीची ही पारख म्हणजे निवडीचीच एक चाळणी आहे. बेढब विणणाऱ्या नराची संतती कमी, हा तिचा परिणाम.

तर मग हे विणकाम उपजत म्हणायचे की शिकलेले? सुगरणीच्या आफ्रिकेतील एका भाऊबंदावर निकोलस आणि एल्सी कोलियस या अमेरिकी दांपत्याने केलेले काम १९६४ साली प्रसिद्ध झाले. ज्या पिलांना पहिले जवळजवळ वर्षभर विणण्याजोगे पाते किंवा काडी मिळू दिली नाही, ते नर मोठे झाल्यावर समोर गवत असूनही धड विणू शकले नाहीत. साध्या गाठींसाठीही त्यांना धडपडावे लागले. इतर तरुण नर मात्र अगोदर कितीतरी ओबडधोबड घरटी करून हात बसवतात. पुढे बोत्स्वानात अशाच एका जातीच्या नरांचे चित्रीकरण करून संशोधकांनी २०११ साली दाखवून दिले की, एकच नर दोन घरटी एकाच पद्धतीने विणत नाही, आणि जसजशी घरटी वाढतात तसतशी त्याच्या चोचीतून गळून पडणारी पाती कमी होतात.

यातून काय निघते? पाते उचलण्याची ओढ, ते वळवण्याची चोचीची ढब आणि घरट्याचा सर्वसाधारण आकार उपजत आहेत. त्यांतून पक्के घरटे निर्माण व्हायला सराव लागतो. आणि तो सराव करण्याची अनावर इच्छा, तीही उपजत आहे. म्हणजे ‘उपजत’ आणि ‘शिकलेले’ हे एकाच वर्तनाचे दोन वाटेकरी नव्हेत, की एकाचा वाटा वाढला म्हणजे दुसऱ्याचा घटावा. ताणा आणि बाणा यांपैकी कापडात कोणाचा हिस्सा किती, असे विचारण्यासारखेच ते आहे.

शिकण्याची किंमत

येथे अर्थशास्त्राचा एक साधा विचार उपयोगी पडतो. शिकणे फुकट होत नाही. त्याला वेळ लागतो, त्यात चुका होतात, चुकांत जीव जातो, आणि शिकणारा मेंदू पोसायला अन्न लागते. मग निसर्गात काही प्राणी शिकतात आणि काही जवळजवळ शिकतच नाहीत, याचा उलगडा खर्च आणि लाभ यांच्या तुलनेतून बऱ्याच अंशी होतो.

रत्नागिरी जिल्ह्यात वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालून समुद्रात परततात. पिले बाहेर येतात तेव्हा आई जवळ नसते, शिकवायला कोणी नसते, आणि खेकडे, कावळे, कुत्री टपलेली असतात. चुकायला सवडच नाही. रात्री समुद्राच्या बाजूचे क्षितिज जमिनीच्या बाजूपेक्षा उजळ असते, ही गोष्ट लक्षावधी वर्षे बदललेली नाही. म्हणून ‘उजेडाकडे चला’ ही आज्ञा पिलांच्या अंगात बांधलेलीच असते. जेथे परिस्थिती स्थिर आणि चुकीची किंमत मृत्यू, तेथे उपजत वर्तन स्वस्त पडते. परंतु किनाऱ्यावर विजेचे दिवे लागले की तीच पिले जमिनीकडे वळतात आणि मरतात. जुन्या परिस्थितीसाठी घडलेली आज्ञा नव्या परिस्थितीत घातक ठरते, आणि ती बदलण्याचे साधन त्या पिलांपाशी नसते.

मधमाशीची गोष्ट वेगळी. आज फुललेले झाड पंधरवड्याने ओसाड असते. कोणत्या रंगाच्या, कोणत्या वासाच्या फुलात मध आहे, हे आनुवंशिकतेतून सांगून ठेवणे शक्यच नाही. म्हणून मधमाशी रंग, वास, वाट आणि वेळ चटकन शिकते. पोळ्यात परतून ती जे नृत्य करते त्याचा अर्थ कार्ल फॉन फ्रिश यांनी उलगडला, आणि १९७३ साली कोनराड लोरेंझ व निको टिनबर्गेन यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. नृत्याची दिशा सूर्याच्या संदर्भात अन्नाची दिशा सांगते आणि त्याची लांबण अंतर सांगते. ही भाषा संपूर्ण उपजत आहे, असेच अनेक वर्षे मानले जाई. परंतु २०२३ साली चिनी आणि अमेरिकी संशोधकांनी केवळ समवयस्क तरुण माश्यांची पोळी तयार केली. त्यांत अनुकरण करायला जुनी नर्तकी एकही नव्हती. त्या माश्या नाचल्या, पण चुकत नाचल्या. अनुभवाने दिशेची चूक बरीच सुधारली. अंतराची चूक मात्र आयुष्यभर राहून गेली. वडीलधाऱ्या माश्यांच्या मागे चालून शिकण्याचे जे थोडे दिवस असतात, ते हुकले की पुढे भरून निघत नाहीत. एवढ्याशा कीटकाबद्दलची ही गोष्ट लक्षात ठेवा. शेवटी तिच्याकडे परत यायचे आहे.

कोरी पाटी नव्हे

आता आपल्या बाजूच्या समजुतीकडे वळू. जन्मतः मन ही कोरी पाटी आहे, तिच्यावर समाज हवे ते लिहू शकतो, हे मत पुरोगाम्यांना नेहमीच आकर्षक वाटत आले. अमेरिकेत जॉन वॉटसनने १९२० च्या दशकात असा दावा केला होता की, निरोगी मूल आणि हवी ती परिस्थिती हाती दिली तर आपण त्याला वैद्य, वकील, व्यापारी किंवा चोर काहीही बनवू. त्याच्या वर्तनवादी परंपरेत पुढे असे गृहीत धरले गेले की, बक्षीस आणि शिक्षा यांच्या जोरावर कोणत्याही प्राण्याला जवळजवळ काहीही शिकवता येते.

हे गृहीत प्रयोगांनीच मोडून काढले. केलर आणि मेरियन ब्रेलंड हे दोघे याच संप्रदायात शिकलेले, आणि जनावरांना खेळ शिकवण्याचा व्यवसाय करणारे. त्यांनी एका रॅकूनला नाणे उचलून डब्यात टाकायला शिकवले. एक नाणे त्याने टाकले. दोन नाणी दिली तेव्हा मात्र तो ती हातातून सोडीना. एकमेकांवर घासत बसे, डब्यात बुडवून पुन्हा बाहेर काढी. पाहणाऱ्याला तो कंजूषपणा वाटावा. वस्तुतः आपले भक्ष्य पाण्यात चोळण्याची त्याच्या जातीची सवय वर आली होती, आणि बक्षिसाचा उपाय तिच्यापुढे हरला. ब्रेलंड दांपत्याने १९६१ साली हे अनुभव प्रसिद्ध केले. जॉन गार्सिया आणि रॉबर्ट केलिंग यांनी १९६६ साली दाखवले की, उंदराला आजारी पाडले तर तो त्या पाण्याची चव टाळायला शिकतो, पण पाणी पिताना दिसलेला उजेड किंवा ऐकलेला आवाज टाळायला शिकत नाही. विजेचा झटका दिला तर नेमके उलटे घडते. निसर्गात पोटदुखी अन्नातून येते, उजेडातून नव्हे. उंदराचे शिकणे हा इतिहास जणू गृहीत धरूनच चालते.

याहून बोलके उदाहरण माकडांचे आहे. सापाची भीती उपजत असते, असे आपण सरसकट म्हणतो. १९८० च्या दशकात सुझन मिनेका आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की, प्रयोगशाळेत वाढलेले माकड सापाला भीत नाही. परंतु रानात वाढलेले माकड सापाला पाहून घाबरते आहे, असे एकदोनदा पाहिले की तेही घाबरू लागते आणि ती भीती टिकते. मग त्यांनी चित्रफितीत फेरफार करून, माकड जणू फुलाला घाबरते आहे असे दाखवले. पाहणारी माकडे फुलाला घाबरायला शिकली नाहीत. म्हणजे उपजत आहे ती सापाची भीती नव्हे. सापाची भीती दुसऱ्याकडून चटकन शिकण्याची तयारी उपजत आहे.

हा शेवटचा मुद्दा मला आजच्या साऱ्या विषयाचे मर्म वाटतो. उत्क्रांतीने प्राण्याच्या मनात मजकूर लिहिला त्यापेक्षा अधिक वेळा त्याला काही मजकूर वाचण्याची तयारी दिली. पाटी कोरी नाही. पण तिच्यावर आखलेल्या ओळी म्हणजे लिहिलेली अक्षरे नव्हेत.

त आणि ट

माणसात ही तयारी पराकोटीला पोचली आहे. भाषेचेच पाहा. जगातली कोणतीही भाषा उपजत नाही, परंतु भाषा शिकण्याची क्षमता प्रत्येक निरोगी बालकात असते. १९८४ साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी कॅनडात इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील तान्ह्या मुलांची परीक्षा घेतली, आणि त्यासाठी ध्वनी निवडले ते हिंदीतले: दंत्य ‘त’ आणि मूर्धन्य ‘ट’. इंग्रजी भाषिक प्रौढांना हा फरक ओळखणे किती जड जाते, हे आपण जाणतो. सहा ते आठ महिन्यांच्या मुलांना तो सहज कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या मुलांत ही शक्ती जवळजवळ मावळलेली होती. आपल्याकडच्या मुलांत ती मावळत नाही, कारण त्यांच्या कानांवर ‘ताट’ आणि ‘टाक’ रोज पडत असतात. मूल जन्मते तेव्हा ते मराठी नसते आणि इंग्रजही नसते. कोणत्याही आळीत, कोणत्याही वस्तीत वाढण्याची तयारी घेऊन ते येते, आणि पहिल्या वाढदिवसाच्या आत भोवतालच्या माणसांचा शिक्का त्याच्यावर उमटू लागतो.

अशा प्राण्याला दीर्घ बालपण लागते, आणि ते महागही पडते. प्रौढ माणसाचा मेंदू वजनाने शरीराच्या सुमारे २ टक्के, पण विश्रांतीच्या अवस्थेत शरीर जी ऊर्जा वापरते तिच्यातील सुमारे २० टक्के त्याला लागते. बालपणात हा वाटा याहून कितीतरी मोठा असतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार सुमारे पाच वर्षांच्या वयात तो ६६ टक्क्यांपर्यंत जातो. त्या वयात शरीराची वाढ मंदावते, कारण मिळकत मेंदूकडे वळवलेली असते. निसर्गाने माणसाच्या शिकण्यात केलेली ही गुंतवणूक आहे. ती फळाला यायची तर एक अट मात्र असते: मुलाच्या ताटात पुरेसे पडले पाहिजे आणि त्याच्या भोवती बोलणारी, दाखवणारी, शिकवणारी माणसे पाहिजेत.

मार्क्सने ‘कॅपिटल’च्या पहिल्या खंडात (१८६७) मधमाशी आणि वास्तुशिल्पी यांची तुलना केली आहे, हे आपल्यापैकी अनेकांना स्मरत असेल. अगदी सामान्य वास्तुशिल्पीही इमारत आधी मनात उभारतो, हा त्याचा मुद्दा होता. मधमाशीही शिकते, हे आता कळले म्हणून तो मुद्दा बाद होत नाही; पण त्याला पुस्ती जोडावी लागते. वास्तुशिल्प्याच्या मनातली इमारत त्याने एकट्याने कल्पिलेली नसते. मागच्या शेकडो पिढ्यांनी शिकलेले आणि शिकवलेले तिच्यात साठलेले असते. माणसाचे वेगळेपण आहे ते या साठ्यात आणि तो पुढच्या पिढीच्या हवाली करण्याच्या त्याच्या रीतीत.

हातातले कसब

आणि येथेच आपल्या समाजव्यवस्थेचा प्रश्न येतो. जातीच्या समर्थनार्थ सांगितला जाणारा एक युक्तिवाद दिसायला शास्त्रीय असतो. पिढ्यानपिढ्या एकच धंदा केल्यामुळे त्याचे कसब रक्तात उतरते, सुताराच्या मुलाच्या हाती ते जन्मतःच असते आणि पंडिताच्या मुलाच्या जिभेवर विद्या असते, असे तो सांगतो. या युक्तिवादाचा पाया एकच: आयुष्यात कमावलेले गुण संततीत आनुवंशिकतेने उतरतात. जीवशास्त्राने नेमका हाच पाया नाकारला आहे. ऑगस्ट वाइझमान या जर्मन शास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात उंदरांच्या अनेक पिढ्यांच्या शेपट्या कापून पाहिल्या. नव्या पिढीची शेपटी आखूड होऊन आली नाही. लोहाराचा दंड घणाने कमावलेला असतो, आणि ती कमाई त्याच्यापाशीच राहते. मुलाला वारशाने काय मिळते? भट्टीशेजारचे अंगण, हाताशी पडलेली अवजारे, कानावर पडणारे शब्द, आणि वयाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून बापाच्या हाताकडे पाहण्याची संधी. ‘रक्तातले’ म्हणून जे सांगितले जाते ते अंगणातले असते.

गंमत अशी की, हीच चूक समाजवादाचे नाव घेणाऱ्या एका राजवटीनेही केली. परिस्थिती बदलली की आनुवंशिकताच बदलते, या त्रोफिम लायसेन्कोच्या सिद्धान्ताला स्टालिनच्या पाठिंब्याने १९४८ साली सोव्हिएत संघात अधिकृत मतवादाचे स्थान मिळाले. त्याला विरोध करणारे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांचा त्याआधीच, १९४३ साली, सारातोवच्या तुरुंगात अन्नावाचून अंत झाला होता. जातीचा पुरस्कर्ता आणि लायसेन्को हे राजकारणात दोन टोकांना. जीवशास्त्रात मात्र दोघे एकाच बाकावर बसलेले आहेत. निसर्ग आपल्याला सोयीचा असावा असा हट्ट धरला, की तो डावीकडून धरला काय नि उजवीकडून धरला काय, परिणाम सारखाच होतो. ज्यांना नोबेल मिळाले त्या लोरेंझ यांनीही नाझी पक्षाचे सभासदत्व घेतले होते. पाळीव प्राण्यांच्या ऱ्हासाचा दाखला देऊन त्यांनी १९४० साली वंशशुद्धीच्या धोरणाला शास्त्राचा टेकू दिला. हंसांच्या पिलांविषयीची त्यांची निरीक्षणे मोलाची होती. त्यांवरून माणसांविषयी काढलेला निष्कर्ष मात्र निरीक्षणातून आलेला नव्हता.

कोणी म्हणेल, कमावलेले गुण उतरत नसतील. पण जातीअंतर्गत विवाहांमुळे नैसर्गिक निवडच वेगवेगळ्या दिशांनी झाली असेल. या शंकेला उत्तर दिले पाहिजे. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील आणि अमेरिकेतील संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या जनुकीय अभ्यासातून असे दिसते की, सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातील लोकसमूहांची आपापसांत मोठ्या प्रमाणावर सरमिसळ झाली, आणि बेटीबंदी त्यानंतर घट्ट होत गेली. आज एकमेकांना परके मानणाऱ्या जातींचे पूर्वज एकमेकांत मिसळलेले आहेत. बेटीबंदीने जीवशास्त्रीय परिणाम घडवला तो हा, की लहान लहान गटांत काही दुर्मीळ आनुवंशिक रोगांचे प्रमाण वाढले. बुद्धीची वाटणी जातवार झाल्याचा पुरावा तिने दिलेला नाही.

दोन जमिनी

माणसामाणसांत उपजत फरक नसतात, असे मी म्हणत नाही. एकाच आईची दोन मुले सारखी नसतात, हे सांगायला शास्त्रज्ञ नको. पण फरक उपजत आहे, यावरून तो अटळ आहे असे ठरत नाही. रॉबर्ट ट्रायन यांनी अमेरिकेत उंदरांची अनेक पिढ्या निवड करून चक्रव्यूहात ‘हुशार’ आणि ‘मंद’ ठरणारे दोन वंश तयार केले. त्यांच्यातील फरक निर्विवाद आनुवंशिक होता. कूपर आणि झुबेक यांनी १९५८ साली अशाच दोन वंशांची पिले वेगवेगळ्या परिस्थितीत वाढवली. ओक्याबोक्या पिंजऱ्यात वाढलेले ‘हुशार’ उंदीर ‘मंद’ उंदरांइतक्याच चुका करू लागले. खेळायला, चढायला, हाताळायला भरपूर असलेल्या पिंजऱ्यात वाढलेले ‘मंद’ उंदीर ‘हुशार’ उंदरांच्या जवळपास पोचले. आनुवंशिकता तीच, पण फरक दिसेल की नाही, हे पिंजऱ्याने ठरवले.

रिचर्ड लेवॉन्टिन या जीवशास्त्रज्ञाने १९७० साली हीच गोष्ट बियाण्याच्या दृष्टांताने मांडली, आणि आपल्या शेतकऱ्याला ती सांगावीही लागणार नाही. एकाच पोत्यातले मिश्र बियाणे काळ्या कसदार रानात पेरले आणि मुरमाड माळावरही पेरले. काळ्या रानातल्या दोन ताटांत जो फरक दिसेल तो बियाण्याचा. पण काळे रान आणि माळ यांच्या पिकांत जो फरक दिसेल तो जमिनीचा. व्यक्तीव्यक्तींमधील फरकाचे कारण गटागटांमधील फरकाला लावणे, ही चूक शिकलेली माणसेही रोज करतात.

आपल्या देशातला माळ किती विस्तृत आहे? २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. ज्या वयात मेंदू शरीराच्या ऊर्जेचा सिंहाचा वाटा मागतो, त्याच वयात या मुलांना पुरेसे पोषण मिळालेले नसते. नंतर हीच मुले शाळेत मागे पडली, की आपण गंभीर चेहऱ्याने म्हणतो, ‘रक्तातच नाही.’

अ‍ॅडम स्मिथने १७७६ साली लिहून ठेवले आहे की, तत्त्वज्ञ आणि रस्त्यावरचा हमाल यांच्यातला फरक निसर्गापेक्षा सवय, रूढी आणि शिक्षण यांतून अधिक आलेला असतो. पहिली सहा-आठ वर्षे ते बहुधा सारखेच असतात, धंदे वेगळे झाले की अंतर पडू लागते, असे त्याचे मत होते. भांडवलशाहीचा जनक म्हणून ज्याला मिरवतात त्याचे हे मत त्याच्या भक्तांना सांगावेसे वाटत नाही. परंतु त्यात एक दुरुस्ती आता केली पाहिजे. अंतर पडायला सहा-आठ वर्षे लागत नाहीत. ते त्याच वर्षांत पडते, कित्येकदा मूल शब्द बोलण्याच्याही आधी.

आणि आमचा कायदा काय सांगतो? २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, तो ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी. २००९ चा शिक्षणहक्क कायदाही मुख्यत्वे त्याच वयासाठी आहे. सहा वर्षांखालच्या मुलांचे संगोपन आणि शिक्षण घटनेच्या ४५ व्या कलमात, मार्गदर्शक तत्त्वांमध्ये ठेवले गेले. तेथे न्यायालयात हक्क म्हणून दाद मागता येत नाही. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ पासून चालू आहे. तिचा सगळा भार जिच्यावर आहे त्या अंगणवाडी सेविकेला वेतन नाही, मानधन आहे. म्हणजे शासनाच्या लेखी ती काम करीत नाही, सेवा करते. निसर्गाने शिकण्यासाठी जे वय सर्वांत महत्त्वाचे ठरवले, तेच आपण हक्काच्या बाहेर ठेवले आहे. आपली जुनी समजूत सोडायची म्हणालो ती यासाठी. मन ही कोरी पाटी असती, तर सहाव्या वर्षी सुरुवात केली काय नि सोळाव्या वर्षी केली काय, फरक पडला नसता. मधमाशीला अंतराची चूक पुढे सुधारता आली नाही. माणूस मधमाशीपेक्षा कितीतरी लवचिक आहे, उशिरा शिकूनही तो पुष्कळ मिळवतो, आणि प्रौढशिक्षणाचे काम करणाऱ्यांनी ते सिद्ध करून दाखवले आहे. पण उशिराची किंमत मोजावी लागते, आणि ती नेहमी त्याच घरांतून वसूल होते.

तेव्हा, मित्रहो, यापुढे कोणी ‘रक्तात असावे लागते’ असे म्हणाले, तर ‘रक्तात काही नसते’ असे उत्तर देऊ नका. रक्तात पुष्कळ काही असते. पाहून शिकण्याची, ऐकून बोलण्याची, दुसऱ्याच्या हातातले आपल्या हातात घेण्याची ओढ प्रत्येक मूल घेऊन येते, मग ते ऊसतोड कामगाराच्या कोपीत जन्मो की बंगल्यात. त्याला उलट विचारा, की ती ओढ जागी असते त्या वर्षांत या मुलाला दूध किती मिळाले, त्याच्याशी बोलायला घरी कोण होते, आणि त्याच्या वस्तीतली अंगणवाडी किती दिवस उघडी होती? या प्रश्नांची उत्तरे रक्त तपासून मिळत नाहीत. ती आपल्या गावाच्या आणि सरकारच्या जमाखर्चात मिळतात, आणि तो जमाखर्च मागण्याचा अधिकार आपल्याला आहे.